पोटभर पाणी

एका शनिवारी डायलिसिस करून घरी आले, दोन घास खाल्ले आणि जराशी आडवी झाले. तिथून हे सुरू झालं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हो, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. पण ऐकाच.

किडन्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला कोपरच्या सेंटरमध्ये जायचं, आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मग चार तास मशीन. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेला घोट अंगातच साठतो आणि काट्यावर दिसतो. दिवसाला पाऊण लिटर पाणी, बस्स. त्यात चहा धरायचा, आमटीसुद्धा. आमचे हे, सुधीर, याबाबतीत पक्के जमादार. सकाळी बाटली भरून तिच्यावर पेनाने रेघा मारायचे. एका उन्हाळ्यात मी माठाशी घुटमळताना दिसले, तर माठच उचलून शेजारच्या मैथिलीला देऊन आले. वैऱ्यालाही पाणी नाकारू नये म्हणतात, मी म्हटलं. हसले, पण थेंब दिला नाही. आणि डिसेंबरात तेच गेले, झोपेत. आजारी मी, गेले हे!

तर तो शनिवार. पडदे ओढलेले होते. खालून भंगारवाला ओरडत गेला आणि मग सगळं सामसूम झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. माठात ओगराळं बुडवल्याचा. घरात माठ नव्हता… ओल्या मातीचा, वाळ्याचा वास पलंगापर्यंत आला, आणि मागोमाग हे. हातात तांब्या.

"पी, हेमा," म्हणाले. "आता पोटभर पी."

प्यायले मी. घटाघटा प्यायले. किती वर्षांनी असं गार पाणी घशाखाली उतरलं, आणि तेही त्यांच्या हातचं. जाग आली तेव्हा हनुवटी ओली होती.

मग रोजच यायला लागले. मंगळवारी काट्यावर साडेचार किलो जास्त भरलं. देवयानी सिस्टर चिडली. म्हणाली, काकू, हे पाणी फुप्फुसात शिरलं तर मशीनपर्यंत पोचणार नाही तुम्ही. मी देवाशपथ सांगितलं की बाटलीच्या वर घोटभरही घेतलेलं नाही. तिला वाटलं, म्हातारी थापा मारतेय. तेव्हापासून धास्तीच बसली. तीन उशा घेऊन झोपायचं, तरी जीव घुसमटायचा, अंगात पाणी चढतंय असं वाटायचं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, दुपारी मी वेणीफणी करून आडवी व्हायचे.

दुसऱ्या आठवड्यात जिना चढताना श्वास असा लागला की तिथेच बसले. त्या दुपारी ते आले तेव्हा मी तोंड फिरवलं.

"अहो, नको… मला जगायचंय अजून."

त्यांनी तांब्या मागे घेतला, "बरं" म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. वजन ताळ्यावर आलं, सिस्टरने शाबासकी दिली. मी मात्र मशीनवर चार तास रडत होते. तहान सोसता येते हो, माणूस कुठून आणू?

परवाच्या गुरुवारी शेजारच्या खाटेवर गोदूबाई धापा टाकत आली. ती संक्रांतीनंतर डायलिसिसवर आलेली, ह्यांना तिने कधी पाहिलेलं नाही. काट्यावर चार किलो जास्त. सिस्टर तिला बोल बोल बोलली. ती पलीकडे गेल्यावर गोदूबाई माझ्याकडे वळली.

"बाय, कोनाला सांगू नको… दुपारचा एक म्हातारा येतो. वळखीचा नाय. गार पानी पाजतो. खाटेवर बसताना उजवा गुडघा दाबून धरतो, बिचारा."

स्कूटरवरून पडल्यापासूनचं ते दुखणं. घराबाहेर कधी कुणाला कळू दिलं नव्हतं त्यांनी.

तिला सांगायला हवं होतं, पिऊ नकोस बाई, मरशील. अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"गोदूबाई… बरे दिसतात का गं ते?"