त्या घरात कुणी नाही

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. हे माझ्याच घरात घडलंय. गंगम्मा देवीच्या जत्रेच्या दिवशी, भर दुपारी, उप्पाड्याजवळच्या आमच्या कोळ्यांच्या वस्तीत.

माझे सासरे नूकय्या वस्तीचे प्रमुख. शेजारच्या पैडम्मानं त्यांना बर्फाच्या गोदामासाठी आपली जागा दिली नाही, म्हणून त्यांनी तिला वाळीत टाकलं.

तिच्याशी बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. जो ओ देईल, तोही वाळीत.

माझी लेक लोवा तेव्हा लहान होती. "अम्मा, त्या घरात कोण खोकतंय?"

सासरे म्हणाले, "कुणी नाही. म्हण बघू... कुणी नाही."

पोर शिकली. इतकी शिकली, की एकदा पैडम्मावर धडकून पडली आणि कशावर आपटलो म्हणून इकडेतिकडे बघत बसली.

समोर उभी असलेली म्हातारी तिला खरंच दिसत नव्हती!

मी धावत जाऊन लोवाला उचललं. सासरे मात्र हसले.

मग एकदा पैडम्मा तापानं फणफणत आमच्या दारात आली. "नूकय्या, घोटभर पाणी दे रे. नाहीतर निदान शिवी तरी दे."

सासरे कालवण ओरपत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत फुंकर घालत राहिले.

"बरं," ती म्हणाली. "तुम्हीही हाका मारून मारून घसा फोडाल. कुणी ओ देणार नाही."

दोन दिवसांत ती गेली.

जत्रेत पहिला प्रसाद प्रमुखाचा. पुजारी सासऱ्यांसमोर आला, आणि... सरळ पुढे गेला.

मला वाटलं, गडबडीत राहून गेलं.

घरी येऊन मी सगळ्यांना वाढलं. कालवण संपलं. तेव्हा कुठे माझी नजर कोपऱ्यातल्या सासऱ्यांच्या ताटाकडे गेली...

रिकामं ताट. त्यावर एकेक करून बोटांचे ओले ठसे उमटत होते.

"मामय्या कुठायत?" मी नवऱ्याला विचारलं.

"कोण मामय्या?" सिंहाचलम म्हणाला. "माझा बाप मी पाळण्यात असतानाच समुद्रात गेला. ऊन लागलंय का तुला?"

तेवढ्यात... पैडम्माच्या बंद घराची कडी वाजली.

"ये, नूकय्या. मी बघते ना तुला. आता फक्त मीच."

दार लागलं.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. म्हाताऱ्याला चांगली अद्दल घडली!

आता रोज दुपारी तिथून खोकल्याचा आवाज येतो. पुरुषाचा. मग क्षीण हाक... "सुने, पाणी..."

मी ओ देत नाही. दिली तर माझंही तेच होईल.

काल लोवानं पुन्हा विचारलं, "अम्मा, त्या घरात कोण आहे?"

"कुणी नाही."

ती माझ्या मागे, त्या घराच्या उघड्या दाराकडे बघत राहिली.

"मग ती आजी तुझं नाव का घेतेय?"