सोनाजीच्या पुंगळ्या

काडतूस घरी भरायचं तर आधी टेबल हलता कामा नये. टेबल हललं की तराजू हलतो, तराजू हलला की दारूचं माप चुकतं, आणि माप चुकलेला माणूस स्वतःच्याच डोळ्याला मुकतो. मी औरंगाबादच्या एका तंत्रशाळेत फिटर विभागाचा मास्तर. कानस कशी धरावी हे पोरांना शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. त्यामुळे टेबल केलं ते असं, की त्यावर म्हैस उभी केली असती तरी कुरकुरलं नसतं.

पुंडलिकनगर तेव्हा नवं होतं. निम्मे प्लॉट रिकामे, त्यापलीकडे ज्वारीची रानं आणि त्यांच्याही पलीकडे जवळच्याच सातारा गावाचा डोंगर. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी लासूर स्टेशनहून आणलेली जाड सागवानी फळी बसवली. डाव्या हाताला वस्तू आवळून धरणारा व्हाइस, उजव्या हाताला पुंगळ्या दाबून मापात आणायचं हातयंत्र, मधे काचेच्या पेटीत तराजू. मला नेमबाजीचा नाद, आणि स्पर्धेपुरती काडतुसं मिळवताना नाकी नऊ यायचे. म्हणून रीतसर परवानगी काढून हे काम घरी मांडलं. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, साफ करायची, मापात आणायची आणि पुन्हा भरायची.

"लोकांचे नवरे रविवारी मटण आणत्यात," माझी बायको म्हाळसा म्हणायची, "माझा नवरा पितळ घासत बसतोय."

तिची आई सारजाबाई त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आल्या म्हणजे म्हाळसानं आणल्या. मी त्यांना मामी म्हणायचो. वेरूळजवळच्या वाडीत त्या एकट्या राहायच्या आणि दिवस कलला की टेकाडावर जाऊन डोंगराकडे बघत बसायच्या. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचा नवरा सोनाजी मेंढरं वाचवायला म्हणून कळप घेऊन डोंगरात शिरला. पुढे पोलीस ॲक्शन झाली, लपलेली माणसं घरोघर परतली. सोनाजी आला नाही. मेंढरू नाही, हाड नाही, बाभळीच्या काट्याला अडकलेला लोकरीचा पुंजका नाही. म्हाळसा तेव्हा पोटात होती. मढं कुणी पाहिलं नाही, म्हणून मामींनी कुंकू पुसलं नाही.

"एखाद दिवशी ती टेकाडावरून म्होरंच चालू लागंल," म्हाळसा मला म्हणाली होती. "बाप म्या पाह्यला नाय. माय तरी राहू द्या मला."

मला ते पटलं होतं. मामींवर माझाही जीव होता. माझी आई लवकर गेली होती.

पुंगळीला बारीक तडा असला तर तो डोळ्याला दिसत नाही. मी पुंगळी ओठाशी उभी धरतो आणि तिच्या तोंडावरून फुंकर मारतो. धड असेल ती स्वच्छ शीळ घालते, तडकलेलीचा आवाज फाटतो. दुसरे मास्तर या युक्तीला हसायचे. हसोत बापडे, माझा कान कधी चुकला नाही.

एका रविवारी असाच फुंकत बसलो होतो, तर मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमाला येती व्हय ही शीळ?"

"शीळ कसली मामी, तडा बघतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पेटीतून एक लोकरीची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत पुंगळ्या होत्या, हिरव्या पडलेल्या, आणि तंबाखूचा जुना वास. निजामाच्या काळात सोनाजी साहेबलोकांना शिकारीला वाट दाखवायला जायचा, तिथून वेचून आणलेल्या.

"ह्याच वाजवून मेंढरं बोलवायचे," मामी म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. "तुमी फुका. लई लांब जातो आवाज."

"मग तुम्ही का नाही वाजवल्या इतक्या वर्षांत?"

"बाईमान्सानं मेंढरांला शीळ घालायची नसती."

बऱ्याचशा पुंगळ्या माझ्या रायफलीच्याच मापाच्या निघाल्या. मी हरखलो. चिंचेच्या पाण्यात घालून त्या लखलखीत केल्या आणि एकेक फुंकून पाहिली. एकीलाही तडा नव्हता. आवाज बारीक आणि कापत जाणारा. मामी अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते. ज्वारीच्या रानापलीकडे कुठंतरी एक मेंढी ओरडली.

यात नवल काही नव्हतं, उन्हाळ्यात त्या रानांत कळप उतरायचे. आमचं घराणंही धनगराचंच, पण मेंढरांमागं चालणारे माझे आजोबा शेवटचे. मी वसतिगृहात वाढलो. मेंढराची मला ओळख ताटात पडेल तेवढीच.

त्या आठवड्यात आमची तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली गेली. मग फाटकाच्या खांबाला गुडघ्याइतक्या उंचीवर तेलकट काळा पट्टा दिसू लागला, अंग घासून घासून पडतो तसा. त्याला करडे केस चिकटलेले. घरात ओल्या लोकरीचा वास यायचा. चैत्र चालू होता, नळालासुद्धा पाणी नव्हतं, आणि वास ओल्या लोकरीचा.

मी सरळ फकिराला गाठलं. हा धनगर दर उन्हाळ्यात आमच्या बाजूनं कळप न्यायचा. म्हटलं, बाबा, तुझी मेंढरं आवर.

"माझी?" फकिरा म्हणाला. "मास्तर, तुमच्या गल्लीत माझी मेंढरं पाय टाकंनात. पयलंच कुनाचं तरी मेंढरांचं खांड हितं उभं असल्यागत करत्यात."

"कुणाचं?"

"मला काय ठावं? पन कुनी बोलावलं आसंल तर त्येला म्हनावं, घिऊन जा."

तो निघून गेला. मी घरी येऊन पत्र्याच्या खोलीभोवतीची माती पाहिली. खुरांचे ठसे होते, एकावर एक, दाट. सगळे खोलीकडे तोंड केलेले. परत जाणारा एकही नव्हता.

मी खोलीला कुलूप लावलं. पुंगळ्यांना हात लावला नाही. मास्तर माणूस, कुणाला सांगणार? म्हाळसाला मात्र सांगावं लागलं नाही. ती भिंतीला कान लावून उभी असायची.

"श्वास ऐकू येत्यात," ती म्हणाली. "लई जनावरांचे. तुमाला येत नाय?"

येत होते. मला भीती वाटत होती आणि ती मी तिच्यापासून लपवत होतो.

एका संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मी बाहेर जायला निघालो, तर पुढचं दार उघडेना. कडी काढलेली होती. मी खांदा लावला. दार थोडं सरकलं, मऊ काहीतरी पलीकडून दबलं आणि त्यानं दार परत लोटलं. मी पुन्हा लोटलं, पुन्हा तसंच. फटीतून गरम वाफ पायांवर आली.

मामी मागे उभ्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, हातात घोंगडीची वळकटी.

"शीळ घातली की म्होरं चालावं लागतं, जावई," त्या म्हणाल्या. "मेंढरं दारात तटवून ठिवत नसत्यात. ती चेंगरून मरत्याल, पन हलनार नायत."

"ती आहेत कुठं, मामी? बाहेर काही नाही."

"मंग दार उघडा की."

मी पुन्हा खांदा लावला, दार हललं नाही.

"बोलावलं मी. चालतो मीच," शेवटी म्हणालो. म्हाळसानं माझा दंड घट्ट धरला.

"तुमाला माघारी कोन आनंल?" मामी म्हणाल्या. "ल्योक असता तर त्येला म्हनलं आसतं. तुमी पोरीचं कुंकू हायसा. मी जाते."

म्हाळसा रडू लागली. मामींनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि दाराला बोट लावलं. दार उघडलं.

अंगण रिकामं होतं.

"आना तिला," म्हाळसा मला म्हणाली. "कायबी करा, पन मायला माघारी आना."

"आणतो," मी म्हणालो.

मामी ज्वारीच्या कापलेल्या रानातून चालल्या होत्या. शीळ त्यांनी घातली नाही. जिभेनं टाळूवर टक् टक् आवाज काढत होत्या. मी पळत निघालो. धसकटं आपोआप मोडत होती, माझ्या दोन्ही बाजूंनी, लांबपर्यंत. ओली नाकं पोटऱ्यांना लागत होती. मी खाली पाहिलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी नाला होता. त्यात उतरणारी वाट एकाच माणसापुरती. तिथं मी त्यांना गाठलं आणि मनगट धरलं.

"मामी, घरी चला. म्हाळसासाठी चला."

त्या थांबल्या. मागची धसकटं मोडायची थांबली.

"सोडा जावई."

"नाही सोडत."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

त्यांच्या तोंडावरचं वय उतरलं. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"किती उशीर हो," त्या म्हणाल्या. मला नव्हे.

मी वळलो नाही. माझ्या मानेवर तंबाखूचा वास आला.

"हे आपले जावई," मामी म्हणाल्या. "पोरगी झाली आपल्याला. म्हाळसा. तिचे मालक."

मी मनगट आणखी घट्ट धरलं. बांगड्या माझ्या बोटांत रुतल्या.

तेवढ्यात माझ्या कमरेवर मागून एक हात पडला. वाटेत आडव्या उभ्या मेंढराला सरकवतात तसा, न रागावता.

मी मनगट सोडलं आणि बाजूला झालो.