मागची घंटी

उद्यापासून तूही माझ्याबरोबर सायकलने कामावर येणार म्हणतेस. ये ना, सोबत कुणाला नको असते? पण आधी एवढं ऐकून घे.

या हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझी एकोणीस वर्षं गेली. त्यातली बारा वर्षं मी आणि चिमणी जोडीनं सायकलवर आलो. तिचा आवाज अगदी बारीक, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणायचे. माझी मान ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून कायमची आखडलेली. मागे वळून बघताच येत नाही.

"पुतळाबाई, तू नाकासमोर बघ," ती म्हणायची. "मागचं जग माझ्याकडे."

रस्त्यावर तिचा आवाज काही पोचायचा नाही, म्हणून आमचं ठरलेलं होतं. मी पुढे, ती मागे. मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे हॉस्पिटलकडे वळताना ती घंटी वाजवायची. एकदा वाजली की थांब, मागून गाडी आहे. दोनदा वाजली की वळ.

त्या सकाळी दाट धुकं होतं. निघायला उशीर झालेला, त्यात सुट्टीच्या अदलाबदलीवरून आमची कुरबुर झालेली. वळणाशी मागे घंटी वाजली. एकदाच. मी ऐकली गं. पण मनात म्हटलं, हिचं नेहमीचंच, कोसभर लांबची गाडी दिसली तरी थांबवते. आणि मी वळले.

चिमणी जीव खाऊन पायडल मारत माझ्या उजव्या अंगाला आली, हात आडवा धरून. ट्रक तिला धुक्यात घेऊन गेला.

मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. अंगावर ओरखडाही नाही. तिची एक चप्पल घसरत येऊन माझ्या पुढच्या चाकाला टेकली होती. मी त्या चपलेकडेच बघत राहिले. रडूसुद्धा फुटलं नाही.

पोलिसांनी विचारलं, तिच्या नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, "दोनदा वाजली. म्हणून वळले."

म्हणजे चूक तिची.

पुढे दोन महिने मी पायी आले. शेवटी सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तुमचं दुःख कळतं हो, पण रोजचा उशीर मी किती दिवस झाकू?" म्हणून एका सकाळी सायकलवरची धूळ पुसली आणि निघाले.

त्या दिवशीही धुकं होतं. अंधार नव्हता, सगळं पांढरं होतं, उकळत्या हौदावर वाफ असते तसं. मोठ्या रस्त्याला लागले आणि मागे ओल्या डांबरावर टायरचा आवाज यायला लागला. मी सायकल हळू केली, तोही हळू झाला. मागून साबणाचा, भिजल्या कपड्याचा वास येत होता. आपल्या सगळ्यांच्याच अंगाला येतो तो.

वळणाशी पाय टेकला.

"चिमणे... तू आहेस...?"

टिंग. टिंग.

बारा वर्षांची सवय. पाय आपोआप पायडलवर गेला, हँडल वळलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. दोनदा... मी सगळ्यांना सांगितलं होतं, अगदी तसंच.

मी करकचून ब्रेक दाबला. दिवे न लावलेला टँकर हँडलची रबरी मूठ उडवून गेला.

कामावर गेलेच नाही. सायकल ढकलत तिच्या नवऱ्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"भाऊजी, मी खोटं बोलले. घंटी एकदाच वाजली होती. ती थांब म्हणत होती, मीच थांबले नाही. आणि आज तिनं..."

ते चिडले नाहीत. भिंग काढलं, ड्रॉवर उघडला आणि एक सायकलची घंटी काचेवर ठेवली. शेजारी दोन स्क्रू.

"हिची स्प्रिंग गेली होती, ताई. आदल्या संध्याकाळीच मी ती काढून ठेवली होती. त्या दिवशी तिच्या सायकलला घंटी नव्हतीच."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही धक्क्यात होता. वाटलं, काहीतरी बोलताय."

घंटी नव्हती, म्हणूनच चिमणी स्वतः पुढे आली. मला थांबवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मग त्या सकाळी, आमच्या दोघींच्याही मागे...

तेव्हापासून वळणाशी मी खाली उतरते. सायकल पूर्ण फिरवून आधी मागचा रस्ता बघते. तिथे कधीच कुणी नसतं.

पण काल गेटपाशी तू सहज विचारलंस ना, "मावशी, तुमच्या मागून सायकलवर रोज येतं ते कोण हो?"

म्हणून आज तुला बसवून घेतलं. मला मागे बघता येत नाही गं. तू बघितलंयस.

सांग ना... कसं दिसतं ते...?