डावं चाक

गाडीत काहीही दोष नाही, असं गॅरेजवाल्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा दिगंबररावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही एवढ्यावरून कळलं असतं, की आता इथून जरा लांब उभं राहिलेलं बरं. पण राकेश नावाचा तो सुपरवायझर त्यांना ओळखत नव्हता. टॅबवर बोट फिरवत त्यानं आणखी भर घातली, की काका, ट्रायल घेतली, आवाज नाही, व्हायब्रेशन नाही, तुम्ही जरा रिलॅक्स व्हा.

"मी रिलॅक्सच आहे," दिगंबरराव म्हणाले. "थरथरतेय ती गाडी."

हडपसरच्या एका कारखान्यात गिअर तपासण्यात या माणसाची उभी नोकरी गेली होती. दोन दात एकमेकांत बसताना केसाएवढी फट राहिली तरी ती त्यांना कानानं कळायची. आणि या कानांना टाय लावलेला एक मुलगा सांगत होता, की तुम्हाला ऐकू येतंय ते नाहीच.

आवाज होता. क्लच सोडून गाडी निघाली की खालून, पुढच्या डाव्या अंगानं, खट्ट. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेतली की पुन्हा खट्ट. आणि वेग वाढवला की एक बारीक थरथर पायांतून वर चढायची, ती घरी येऊन चहाचा कप हातात घेईपर्यंत अंगातून जायची नाही. एरवी त्यांनी एवढं मनावर घेतलंही नसतं. पण त्यांची मुलगी अपूर्वा सोमवारपासून लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला जाणार होती, आणि सोलापूर रस्त्यावरच्या कंटेनरांच्या गर्दीतून रोज हीच गाडी नेणार होती. भर रस्त्यात चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट निसटला म्हणजे काय होतं, हे दिगंबररावांना माहीत होतं. घरात दुसऱ्या कोणाला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

अपूर्वाला आवाज ऐकू येत नव्हता. शेजारी बसून ती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, की बाबा, आवाज गाडीत नाहीये. हे ती इतक्या हळुवारपणे म्हणाली, की त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग मंदाकिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं आईकडे पाहिलं, आणि जेवताना सहज सुचल्यासारखा कानाच्या डॉक्टरांचा विषय निघाला. दिगंबरराव ताटावरून उठले नाहीत एवढंच.

रविवारी पोहे खाऊन ते हत्यारांची पेटी घेऊन खाली उतरले. सोसायटीच्या पार्किंगमधली अगदी शेवटची जागा त्यांची. शेजारच्याचं दार आपल्या गाडीला लागू नये म्हणून ते गाडी डावीकडच्या भिंतीला इतकी खेटून लावत, की मधून झाडूसुद्धा जात नसे. झाडलोट करणाऱ्या इंदुबाई त्यावरून रोज काहीतरी पुटपुटत, आणि दिगंबरराव रोज ते न ऐकल्यासारखं करत.

त्यांनी कामाला पद्धतशीर सुरुवात केली. आधी इंजिनाचे माउंटिंग पहारीनं हलवून पाहिले; घट्ट होते. मग समोरून खाली सरपटत जाऊन दोन्ही शाफ्टच्या टोकांचे रबरी बूट चाचपले. कुठं चीर नाही, ग्रीस बाहेर आलेलं नाही. चाकाचे नट आवळलेले. प्रत्येक गोष्ट ठीक निघाली आणि प्रत्येक ठीक गोष्टीनिशी त्यांचा राग चढत गेला. सगळंच ठीक असेल तर मग गॅरेजवाला बरोबर, लेक बरोबर, आणि आपणच कानफुटे.

शेवटी त्यांनी जॅक लावून गाडीचा पुढचा भाग उचलला आणि घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवला. मागची चाकं जमिनीवर, पुढची दोन्ही हवेत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, इंजिन बंद, किल्ली खिशात. अशा वेळी उजवं चाक हातानं पुढे फिरवलं की डावं तेवढंच मागे फिरतं. मधल्या डिफरन्शिअलची तशी रीतच आहे. त्यामुळे उजव्या चाकापाशी बसून डावीकडचा खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, हाताला कळतो.

गोणपाटावर बसून त्यांनी चाक हळूहळू फिरवलं. गेलं, गेलं, आणि एका ठिकाणी खट्ट. उलटं फिरवलं. खट्ट.

त्यांनी लगेच फोन करून अपूर्वाला खाली बोलावलं. ती आली, समोर उभी राहिली. त्यांनी चाक फिरवलं. चाक तुपात फिरावं तसं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, उलटं फिरवलं, जोर लावून फिरवलं. अपूर्वानं थोडा वेळ वाट पाहिली, मग चहा ठेवलाय, लवकर वर या, असं सांगून ती निघाली. जाता जाता तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा त्यांना मनस्वी संताप आला.

लिफ्टचं दार लागलं, आणि खट्ट झालं.

त्यांनी चाक फिरवलं नव्हतं. हात नुसता टायरवर होता.

मग ते चाक त्यांच्या तळव्याखालून हळूच सरकलं. याचा अर्थ पलीकडचं चाक कोणीतरी फिरवत होतं. दिगंबररावांनी, कोण आहे तिकडे, म्हणून दरडावून विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी जमिनीला गाल लावून टॉर्च मारला. डावं चाक सावकाश फिरत होतं, त्याच्यामागे भिंत होती. मध्ये मांजर शिरलं असतं तर तेही अडकलं असतं. उजेड पडला तसं चाक थांबलं.

ते परत बसले. टायर दोन्ही हातांनी धरला. पलीकडून दाब आला. हिसका नव्हता, घाई नव्हती. एका जात्याला दोघींनी हात घालावा आणि दुसरीनं आपल्या लयीची वाट पाहावी, तसा तो दाब होता. त्यांनी पकड सैल केली, तो सैल झाला. त्यांनी रेटलं, त्यानं रेटलं.

दुसरा कोणी असता तर उठून पळाला असता. दिगंबररावांना आला तो राग. गॅरेजवाल्यासमोर आपली शोभा झाली, पोटची पोर खांद्यावर हात ठेवून गेली, बायको कानाचा डॉक्टर शोधतेय, आणि ज्याच्यापायी हे सगळं, तो इथं बसून खेळतोय! दिगंबररावांचा जन्म शनिवार पेठेतला. हडपसरला येऊन उमर गेली तरी जीभ तिथंच राहिली होती. राग फार चढला की तिथली माणसं शिव्या देत नाहीत, अहो-जाहो करू लागतात. आणि नको असलेल्या माणसाला तोंडभरून या म्हटलं की तो येत नाही, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक असतं.

"अहो, भिंतीशी असे अवघडून का बसलात?" ते म्हणाले. "आत बसा की. गाडी आपलीच समजा. उद्या आमची मुलगी लोणीला निघालीच आहे, ती सोडेल तुम्हाला."

दाब गेला. समोरच्यानं हात काढून घ्यावा तसा एकदम गेला.

त्यांनी चाक फिरवून पाहिलं. खेळ नाही, आवाज नाही. मग मागून स्प्रिंग कुरकुरल्याचं ऐकू आलं आणि गाडीची मागची डावी बाजू थोडी खाली बसली. म्हातारं माणूस बेताबेतानं सीटवर टेकतं, तेवढ्याच सावकाशीनं. दिगंबररावांनी काचेतून आत पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

त्यांनी घोड्या काढल्या, गाडी खाली घेतली आणि कालव्याच्या रस्त्यानं एक फेरी मारली. खट्ट नाही. थरथर नाही. नवी असतानाही गाडी इतकी सुरेख चालली नव्हती. फक्त वळणावर डावीकडे जड वाटत होती. रस्त्याकडेला थांबवून ते मागे गेले. नंबर प्लेट डाव्या अंगाला कललेली होती.

त्यांनी मागचं डावं दार उघडून धरलं.

"उतरा," ते म्हणाले. आता आवाजात खोच नव्हती. नुसती विनंती होती.

गाडी वर आली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. शेवटी हात जोडले. एक रिक्षावाला वेग कमी करून बघत गेला. हे जे काही होतं त्याला टोमणा कळत नव्हता आणि एकदा दिलेला शब्द मागे घेतलेलाही कळत नव्हता. लोणी म्हणजे लोणी.

घरी येऊन त्यांनी अपूर्वाला बजावलं, की उद्या गाडी न्यायची नाही. आवाज येतोय का, तिनं विचारलं. नाही म्हणणं त्यांना भाग होतं. मग ती खरोखरच चिडली. आवाज होता म्हणून नको, आता आवाज गेला तरी नको, म्हणजे मी जाऊच नये असं आहे का, असं तिनं तोंडावर विचारलं. यावर खरं उत्तर द्यायची सोय नव्हती. कधी नव्हे ते दिगंबरराव ओरडले. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. किल्ली त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले तेव्हा अपूर्वा निघून गेली होती. दुसरी किल्ली मंदाकिनीबाईंकडे होती. मीच दिली, त्या शांतपणे म्हणाल्या, पोरीचा पहिला दिवस आहे. बायकोचा एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायलाही वेळ नव्हता. ते तसेच जिना उतरले.

जागा रिकामी होती. अपूर्वा फोन उचलत नव्हती. गाडी नेहमी आड येत असल्यामुळे ती भिंत अशी उघडी त्यांनी आजवर नीट पाहिली नव्हती. पुढच्या चाकाच्या उंचीवर तिचा रंग घासून गेला होता. कोणी पाठ टेकून खूप दिवस बसावं, तेवढाच.

ते तिथंच उभे राहिले. इंदुबाई झाडत झाडत आल्या आणि त्यांच्याभोवतीनं झाडून पुढे गेल्या.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. पोचले, एवढाच मेसेज होता.

संध्याकाळी अपूर्वा परतली तेव्हा ते फाटकाशी थांबले होते. गाडी आत येताना त्यांनी आधी मागची बाजू पाहिली. नंबर प्लेट सरळ होती. त्यांनी डिकीवर दोन्ही हातांनी दाब दिला. गाडी हलकेच खाली गेली आणि हलकेच वर आली. आत कोणी नव्हतं. दिगंबररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण उगाचच ओरडलो, असं ते लेकीला म्हणाले, आणि तीही हसली.

वर चहा झाला. अपूर्वा वर्गाबद्दल, मुलांबद्दल, स्टाफरूममधल्या पंख्याबद्दल बोलत होती. मंदाकिनीबाई विजयी मुद्रेनं चिवडा वाढत होत्या. जाताना रस्त्यात काही त्रास झाला का, असं दिगंबररावांनी शेवटी विचारलंच. काही नाही, अपूर्वा म्हणाली, गाडी मस्त चालली. कॉलेजच्या गेटवर थांबले तेव्हा मागचं दार नीट लागलं नव्हतं की काय, तसा आवाज झाला, पण लागलेलं होतं. वॉचमनला दाखवायला पर्समध्ये ओळखपत्र शोधत होते, तेवढ्यात खिडकीशी कोणीतरी बोललं. मान वर करेपर्यंत गेलेसुद्धा.

"काय बोललं?"

"काही नाही हो. येतो म्हणाले."

दिगंबररावांनी कप खाली ठेवला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?" अपूर्वा म्हणाली. "या म्हटलं."