सकाळचे हात

हातात छत्री असून माणूस भिजत उभा होता, म्हणून ती थांबली. एरवी थांबली नसती... आधीच उशीर झाला होता.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी, पावसाची भुरभुर अंगावर घेत, तो त्या मिटलेल्या छत्रीकडे असा पाहत होता, जशी काही ती त्याची रुसलेली मेहुणीच.

"शोभेला आणलीय का?" तिने विचारलं.

"बटण दाबावं लागतं हिचं. आणि आमच्या अंगठ्याने सकाळपासून संप पुकारलाय."

तिने छत्री घेतली, उघडली, त्याच्या डोक्यावर धरली.

"एका छत्रीत दोघं मावतात, असं ऐकून आहे," तो म्हणाला.

"मला उशीर झालाय म्हणून येते. मावतंय म्हणून नाही."

चार पावलं गेल्यावर तो तिच्याकडे तिरका पाहू लागला. "एक विचारू? रागावणार नसाल तर... हे केस कुणी कापले?"

"मीच. का?"

"काही नाही. हात धडधाकट असून माणूस स्वतःचं असं करून घेतं, म्हणजे कमाल आहे."

रागवायचं तिच्या मनात होतं, पण हसूच आलं. तो केस कापणारा होता. थोरल्या बहिणीबरोबर सलून चालवायचा. म्हणजे आता अक्काच चालवायची, तो गल्ल्यावर बसायचा. त्याची बोटं कात्री धरेनाशी होऊन दोन वर्षं झाली होती.

वर संधिवात विभागात कोट चढवून ती आपल्या खोलीत शिरली, तर समोरच्या स्टुलावर तोच.

"हात द्या," ती म्हणाली.

"इतक्या लवकर? अजून छत्री वाळली नाही."

त्या विभागात संधिवाताच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, औषध नसलेली. कुणाला कुठली, हे कुणालाच माहीत नसायचं. ती फिजिओथेरपिस्ट. दर महिन्याला प्रत्येकाच्या बोटांचा एकेक सांधा दाबायचा, दुखतं का विचारायचं, लिहायचं. गोळीविषयी बोलायचं नाही, आणि पेशंटना बाहेर भेटायचं तर मुळीच नाही. आपुलकी आली की बोटं हलकी पडतात, असं मोठ्या बाई, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर, सांगायच्या.

त्याची बोटं मुळाशी सुजून गुळगुळीत झाली होती. ती दाबत गेली, तो बडबडत गेला. मधल्या बोटाशी त्याचा आवाज एकदम बसला.

"दुखतं?"

"नाही."

"खोटं सांगितलंत तर अभ्यासच खोटा पडेल."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मग लिहा, दुखतं म्हणून. पण मी कबूल केलं, असं लिहू नका."

बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी नेहमी एक निवृत्त शिक्षक बसायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून काळा चष्मा, आणि जिभेला हाड नाही. "हा पोरगा तुमच्या खोलीतून शीळ घालत बाहेर येतो," ते तिला म्हणायचे. "आम्हाला मात्र तुम्ही नुसतंच दाबता."

ती ओठ घट्ट मिटून आत जायची. आरशात पाहिलं की मात्र कान लाल...

महिने गेले आणि त्याच्या बोटांची सूज ओसरायला लागली. आधी पेला धरता आला, मग बटणं लावता आली. एके दिवशी तिने हात पुढे केला, तेव्हा त्याने तिचीच बोटं आपल्या मुठीत घेतली — हळूच, पाखरू धरावं तशी.

"बघा, मूठ वळते."

"दिसतंय."

"सोडू?"

तिने लगेच उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही.

"सलूनवर या एकदा," तो म्हणाला. "ते केस बघून मला झोप लागत नाही."

जायचं नाही, असं तिने ठरवलं. आणि त्याच आठवड्यात गेली.

अक्काने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हीच का ती, दाबणारी?" असं म्हणून ती मागच्या खोलीत टॉवेल धुवायला गेली, ती परत आलीच नाही. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने कोमट पाणी तिच्या केसांवर सोडलं. मानेवर त्याची बोटं फिरली... खरी, जिवंत, हवी तिथे वळणारी. कात्री हलक्या आवाजात चालू झाली. दोघंही गप्प. इतकं गप्प ती कुणाहीबरोबर कधी राहिली नव्हती.

शेवटी बटा सारख्या झाल्यात का बघायला तो वाकला आणि आरशात त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याशेजारी आला. तो हसला. उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांत पडली, आणि ती खुर्चीतच मागे वळली.

डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "झाले काही दिवस. अंगाला खाजही सुटते."

"आणि रक्त तपासतात, त्यात कसं आलं नाही?"

"मागच्या वेळी दिलंच नाही. ताप आहे म्हणून टाळलं." कात्री त्याच्या हातात तशीच होती. "सांगू नका. गोळी बंद करतील. दोन वर्षांनी हे परत हातात आलंय, कळतंय ना तुम्हाला?"

"लिव्हर जाईल. जिवावर बेतेल."

"हात नसलेला जीव मी जगून बघितलाय. तुम्ही आज गिऱ्हाईक म्हणून आलात, गिऱ्हाईक म्हणून जा."

ती उठली. मानेवरचे केसही तिने झटकले नाहीत. तशीच रिक्षाने हॉस्पिटलला गेली आणि मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. डोळे कुठे पाहिलेस, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तेही सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून तू या अभ्यासात नाहीस."

त्याच संध्याकाळी त्याला भरती केलं, गोळी थांबवली. ती वॉर्डाच्या दारापर्यंत गेली. त्याने तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाकीच्या सगळ्या पेशंटना तातडीने रक्त तपासायला बोलावलं. गुरुजी मात्र गोळ्या घेऊन लेकीकडे दुसऱ्या गावी गेले होते, आणि त्यांचा फोन बंद. त्यांचा पत्ता लागला, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. काळ्या चष्म्यामागचे डोळे कुणी पाहिलेच नव्हते. गुरुजी गेले. अभ्यास बंद झाला. उरलेल्या गोळ्या खोक्यांत भरून परत गेल्या, तिच्या खोलीतलं स्टूल दुसऱ्या कुणी नेलं.

लिव्हर सावरलं तसा तो घरी गेला. बोटं मात्र पुन्हा आखडली, पहिल्यापेक्षा जास्तच.

थंडी पडायला लागली होती. एक दिवस अक्का तिला शोधत फिजिओथेरपी विभागात आली. बसली नाही.

"आधी तो तुला शिव्या घालायचा," ती म्हणाली. "मला बरं वाटायचं, माणूस जिवंत आहे म्हणून. आता शिव्याही बंद केल्यात. गुरुजींचं कळल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसलाय. तू येशील?"

"मला बघून आणखी चिडेल."

"मग चिडू दे की, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अक्काने दार उघडलं, स्वयंपाकघराकडे बोट दाखवून पाणी गरम असल्याचं सांगितलं आणि सलूनला निघून गेली.

तो पलंगाच्या काठावर बसला होता. शर्टाची एक बाही चढवलेली, दुसरी लोंबत. दाढी वाढलेली. तिला पाहताच त्याने हात पाठीमागे नेले.

"आत्ता कशाला आलात? दुपारी यायचं. दुपारपर्यंत बोटं सुटत नाहीत, मी माणसात नसतो."

"दुपारचे तुम्ही सगळ्यांनाच मिळता."

त्याने मान खाली घातली. ती दाराशीच उभी राहिली. त्याने सांगितल्याशिवाय बाहीला हात लावायचा नाही, एवढं तिला कळत होतं.

"गुरुजींनाही खाज सुटायची," तो एकदम म्हणाला. "बाकावर बसून आम्ही दोघांनी ठरवलं होतं... कुणी बोलायचं नाही, रक्तही द्यायचं नाही. त्यांना लेकीच्या लेकाला उचलून घ्यायचं होतं. मला भरती केल्यावर मी कुणाला तरी सांगायला हवं होतं ना? त्यांचंही बघा म्हणून? नाही सांगितलं. रागात होतो. निदान एकाचे तरी हात राहू देत, असं वाटलं." त्याचा आवाज चिरकला. "माझं सांगणारं कुणीतरी होतं. त्यांचं कुणी नव्हतं."

तुमची चूक नाही, असं म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली नाही. आत जाऊन तिने कोमट पाण्याचं घमेलं आणलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली.

"मी महिनोन्‌महिने त्यांचे हात हातात घेतले," ती म्हणाली. "एकदाही चष्मा काढा म्हटलं नाही. मलाही झोप लागत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पाठीमागचे हात हळूहळू पुढे आले, वाकडे, सुजलेले, लाज वाटत असल्यासारखे, आणि पाण्यात गेले. तिनेही आपले हात पाण्यात घातले. दाबलं काहीच नाही. नुसते शेजारी ठेवले.

"आता औषध नाही," तो म्हणाला. "पुढचं कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक. रोजची सकाळ अशीच. कुणी वाट्याला घ्यावी अशी नाही."

"मला विचारलंत का?"

"काय?"

"वाट्याला घेतेस का, म्हणून."

पाण्याखाली त्याची करंगळी हलली, तेवढी एकच हलत होती, आणि तिच्या बोटाला येऊन टेकली. बाहेर रस्त्यावर दुकानं उघडल्याचे आवाज येऊ लागले. पाणी निवत चाललं.

"उद्या पण ये," तो म्हणाला. आणि दचकलाच. "म्हणजे... या."

"ये-च राहू दे," ती म्हणाली, आणि पाणी पुन्हा गरम करायला उठली.