टिटवीचा त्रिकोण

"तीनच आहेत," भोंगा म्हणाला.

"नीट मोज."

"ताई, तीनपर्यंत मला मोजता येतं. काल चार होती."

ताई, तिचा धाकटा भाऊ चष्म्या आणि शेजारचा भोंगा सकाळी सातला बागेतल्या बाकामागे पालथे पडले होते. समोर टिटवीची अंडी होती. टिटवी घरटं बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे सरकवते आणि संसार थाटते. तिची अंडीही खड्यांसारखीच दिसतात. त्यामुळे कावळे फसतात. बूट फसत नाहीत, कारण ते बघतच नाहीत.

बागेत चालायच्या सतरा वाटा होत्या. त्यांच्या मधे उरलेल्या तुकड्यांना बाग म्हणायची पद्धत होती. जमीन तुडवून तुडवून इतकी टणक झाली होती, की पाणी मुरत नव्हतं आणि किडे राहत नव्हते. एक त्रिकोण तेवढा जिवंत होता आणि टिटवी तिथेच आली होती. आता त्या त्रिकोणातूनही पायवाट पडली होती, कारण तिथून गेलं की चाळीस पावलं वाचत. मंडळी लवकर उठून खास चालायला येत आणि चालणं वाचवत.

"साप असेल," भोंगा म्हणाला.

"सापाने टरफल मातीत दाबून ठेवलं?" चष्म्याने बोट दाखवलं. पिचक्या टरफलापासून बुटाचे पिवळे ठसे निघाले होते, फक्त उजव्या पायाचे. तिघे त्या ठशांमागे गेले. ठसे पुसट होत होत एका बाकापाशी संपले. बाकावर भोंग्याचे आजोबा बसले होते. रोज सकाळी बागेत चालणाऱ्या चाळीस जणांच्या प्रभात निसर्गप्रेमी मंडळाचे ते अध्यक्ष होते.

"आजोबा, तुम्ही टिटवीचं अंडं तुडवलंत," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आज कसाबसा बाकापर्यंत पोचला.

"मी? अरे, मी कधी खालीच बघत नाही. डॉक्टरांनी मान ताठ ठेवायला सांगितलंय." एवढं बोलून आजोबा पक्षी वाचवण्यावरच्या आपल्या भाषणाकडे वळले.

बागेच्या अधीक्षकांच्या खोलीत पंखा होता, टेबल होतं आणि बागेचा नकाशा होता. नकाशावर झाडांपेक्षा वाटा जास्त होत्या.

"शनिवारी तिथे पांढऱ्या फक्कीची रेघ मारणार," अधीक्षक म्हणाले. "सोमवारी फरशी."

"पण अंडी आहेत तिथे," ताई म्हणाली.

"आमची पद्धत ठरलेली आहे, बाळ. गवत बसलं तिथे फक्की, फक्की पडली तिथे फरशी. लोकांची पावलं बोलतात, आम्ही ऐकतो."

"टिटवी पण बोलते. सकाळपासून ओरडतेय."

"तिचा अर्ज आलेला नाही." अधीक्षकांनी चहा ढवळला. "आणि एका तुकड्यात एकच वाट मंजूर करतो आम्ही, जास्त नाही. आम्हालाही निसर्गाची काळजी आहे."

तिघांनी पायवाटेवर काटक्या आडव्या टाकल्या. दहा मिनिटांत त्या बाजूला झाल्या. "हल्ली मुलांना काही वळणच नाही," असं म्हणत एक काकू अंड्यांपासून वीतभर अंतरावरून गेल्या.

"एकच वाट," ताई घरी जाताना म्हणाली. "मग आपण दुसरी पाडू. त्याच तुकड्यात, भिंतीलगत."

"तिथे कुणी राहत नाही ना, ते आधी बघू," चष्म्या म्हणाला. त्याने भिंतीलगत हाताने चाचपून पाहिलं. जुन्या शेडचा सिमेंटचा ओटा होता, त्यावर बोटभर माती आणि विरळ गवत. खाली मुंगीसुद्धा नव्हती.

मंगळवारी तिघे दिवसभर तिथून चालले. बुधवारीही चालले. भोंग्याच्या टाचेला फोड आला, चष्म्याला चक्कर आली. बुधवारी संध्याकाळी गवत पुन्हा उभं होतं, जणू मजा बघत होतं. त्रिकोणात अजून कुणी ना कुणी चालत होतं. टिटवी लांब उभी होती. अंड्यांवर बसायला तिला उसंतच मिळत नव्हती.

"गार पडली असतील," चष्म्या म्हणाला. "आत मेलीही असतील."

भोंगा मातीवर बसला आणि रडू लागला. "आपण तिघं, ते चाळीस," तो म्हणाला. "कसं पुरं पडणार?"

ताई त्याच्याकडे वळली. "चाळीस," ती म्हणाली. "ऊठ. आजोबांकडे जायचंय."

आजोबा चष्मा पुसत होते.

"आजोबा, भिंतीलगत एक वाट सापडलीय. नेहमीच्यापेक्षा बरीच जवळची आहे," ताई म्हणाली. "पण कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगेन?" आजोबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी भिंतीलगत चाळीस माणसं चालत होती. प्रत्येकाला वाटत होतं, की गुपित फक्त आपल्यालाच माहीत आहे, त्यामुळे पावलं मोजून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. वाट खरं तर बारा पावलांनी लांबची होती. चाळीस जणांच्या बुटांपुढे बोटभर माती कितीशी टिकणार? शुक्रवारी संध्याकाळी सिमेंट दिसू लागलं.

टिटवी मात्र दोन्ही दिवस अंड्यांभोवती घिरट्या घालत राहिली. क्षणभर बसायची, की लगेच दचकून उठायची.

शनिवारी अधीक्षक फक्कीची पिशवी घेऊन आले. त्रिकोणाजवळ थांबले. तिथे चिटपाखरू नव्हतं, म्हणजे अधीक्षकांच्या मते. मग त्यांनी भिंतीकडची गर्दी पाहिली.

"लोकांची पावलं," ते समाधानाने म्हणाले आणि पांढरी रेघ भिंतीलगत गेली. त्यांनी जाता जाता ताईच्या डोक्यावर थोपटलं. "रोज येता वाटतं बागेत. शाबास."

त्यानंतर तासभर तिघे बाकामागे श्वास रोखून पडून होते. टिटवी चालत आली. मान वाकडी करून तिने अंड्यांकडे पाहिलं आणि हळूच पोट टेकलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती उठली नाही.

"काय बघताय रे?" मागून आजोबा आले. "आणि ती वाट जवळची नाही. मी आज मोजली. बारा पावलं जास्त भरली."

ताईने बोट दाखवलं. आजोबांना मान खाली करायला वेळ लागला. सवय नव्हती. मग त्यांना टिटवी दिसली आणि तिच्या शेजारी मातीत दबलेलं टरफलही.

"हे मीच का?" त्यांनी विचारलं.

"हो," भोंगा म्हणाला.

आजोबांनी वळून भिंतीलगतच्या वाटेकडे पाहिलं. "म्हणजे मला फसवलंत."

"हो," ताई म्हणाली.

"बरं केलंत. सहा महिने भाषणं देतोय मी, एक अंडं वाचलं नव्हतं."

ते नीट बघायला एक पाऊल पुढे सरकले. टिटवी तिथूनच त्यांच्यावर ओरडली. आजोबा पाऊल मागे घेऊन उभे राहिले आणि त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.