सुफियाची टेकडी

वडगाव रासाईला राहायला आल्याचा मला एकदाही पस्तावा झाला नाही. पुण्यात आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची. इथे माझ्या टेबलासमोर ऊस आहे, उसापलीकडे भीमा, आणि या दिवसांत तिच्यावर सकाळचं धुकं. सत्यजीत, म्हणजे माझा नवरा, सणसवाडीला कंपनीत शिफ्टला जातो. मी घरी बसून पुण्यातल्या ऑफिसचं काम करते.

काय काम करते ते सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. लांबची यंत्रं नीट चालली आहेत का, यावर लक्ष ठेवणारी एक प्रणाली मी सांभाळते. ही यंत्रं सारखी आपली खुशाली आकड्यांत कळवत असतात. ते सगळे आकडे कायमचे ठेवायचे म्हटलं तर जागा पुरायची नाही. म्हणून आठवडा उलटला की तासातासाची सरासरी काढून ठेवायची आणि मूळ आकडे पुसून टाकायचे. आणखी जुने झाले की तासांचीही गत तीच, दिवसाला एकच आकडा. मागच्या वर्षी एखाद्या मंगळवारी भर दुपारी यंत्राला क्षणभर ताप चढला होता, याच्याशी कोणाला काय देणंघेणं?

माझे सासरे बापूसाहेब गावच्या दूध संकलन केंद्राचे चेअरमन आहेत. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही. दिवाळीनंतर ते मला म्हणाले, "सूनबाई, पुण्याच्या मशीनींची काळजी करता, जरा आपल्या कूलरकडं बी बघा की." कूलर म्हणजे गावचं दूध थंड ठेवणारी मोठी स्टीलची टाकी. मी तिच्यात तापमान मोजणारी तार सोडली आणि माझी प्रणाली केंद्रावरच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर टाकली. दुधाचं वजन, फॅट, पावत्या, सगळं त्याच्यावरच चालतं. त्याला दुसरा जोडीदार घ्यायला आबा तयार नव्हते. "एका बैलानं जमतंय तर जोडी कशाला," म्हणाले.

केंद्रावरचं काम सुफिया बघते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहे, आणि या गावातली माझी एकुलती एक मैत्रीण. सकाळी दूध घेऊन झालं, टँकर भरून गेला की ती कडक गरम पाण्याने टाकी धुते. मग आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून चहा पितो. तिच्या उजव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा एक डाग आहे, चिंचेच्या बोटकासारखा. टाकी धुताना ती कसलंसं गाणं गुणगुणते आणि शब्द विचारले की लाजते. चहा होईस्तोवर तिचे वडील शेखलालमामा शेतावरून एम-एटीवर येतात, दारात गाडी चालूच ठेवून पुढे सरकून बसतात आणि मागे न बघता विचारतात, "बसली का?" सुफिया "व्हय" म्हणाली की मान डोलावून निघतात. रोज तसंच, जणू न विचारता गाडीच हलणार नाही.

पहिल्याच आठवड्यात मी तिला कॉम्प्युटरवर आलेख दाखवला. दिवसभर रेघ खाली सपाट, दूध थंड. सकाळी टँकर गेल्यावर मात्र एकदम उंच सुळका.

"ह्यो काय?" तिने विचारलं.

"ही तू. टाकी धुताना."

ती खळखळून हसली. "म्हंजी अख्ख्या दिवसात येवढी एकच टेकडी, आन् ती माझी!" तेव्हापासून रोज धुणं झालं की हात पुसत स्क्रीनपाशी यायची. "उगवली का माझी टेकडी?"

मधे एक दुपार वाईट गेली. सकाळचा टँकर आलाच नव्हता, त्यात कूलरची मोटर ट्रिप झाली आणि टाकीभर दूध नासलं. आबांचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सुफियाला नको ते बोलून घेतलं, हातातली किटली दारावर भिरकावली आणि पत्र्याच्या दाराला ताटलीएवढा पोचा पडला. सुफिया रडत घरी गेली. शेखलालमामांनी दोन दिवस दूधच घातलं नाही. मला आबांचा फार राग आला आणि मी तो लपवलाही नाही.

*

नंतरच्या आठवड्यात चहा पिताना मी सुफियाला विचारलं, "आबांवर अजून राग आहे?"

"कशाचा?"

"त्या दिवशीचा. दूध नासलं त्याचा."

"दूध कवा नासलं, वैनी?" ती मनापासून विचारत होती.

मी दाराकडे बोट केलं. दार सरळ होतं. हात फिरवून पाहिला, पत्रा गुळगुळीत होता आणि रंगही जुनाच. आबांना विचारलं तर ते हसले. "शेखलालच्या पोरीला मी कशाला बोलीन? माझ्या मांडीवर खेळलीय ती."

घरी माझ्या लॅपटॉपवर त्या दुपारचा आलेख उघडाच राहिला होता. रेघ चढत चढत गेलेली स्पष्ट दिसत होती. पान ताजं करायला मी बटण दाबलं. मिनिटांचे आकडे आदल्या रात्रीच तासांत गेले होते, तेव्हा सुळक्याच्या जागी एक बुटका उंचवटा आला.

आणि मलाही आठवेनासं झालं. म्हणजे भांडण झालं होतं एवढं माहीत आहे, कारण आत्ताच मी दार चाचपून आले. पण आबा काय म्हणाले? किटली फेकली की आपटली? त्यांचा चढलेला आवाज आठवायला गेले की त्यांचा रोजचा, बरा आवाजच ऐकू यायचा. घाबरावं की नाही तेच कळेना. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. घरात धुसफूस नाही, मामांचं दूध रोज येतंय. वाईट ते गाळून जात असेल तर कोणाला नको आहे?

पण वाईटच गाळलं जातंय असं थोडंच होतं. चार दिवसांनी सुफिया टाकी धूत होती आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. ती गुणगुणत नव्हती. "गाणं म्हण की," मी म्हटलं.

"मला कुठं येतंय गाणं?" ती म्हणाली. चहाचा कप देताना मी तिचं मनगट पाहिलं. ते कोवळं, स्वच्छ होतं.

*

मी शिकलेली बाई आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते. तरीही त्या दुपारी मी केंद्रावर जाऊन सरासरी काढणं बंद करून टाकलं. पुढचा टप्पा दिवसांचा होता. चोवीस तासांच्या थंड रेघेत सुफियाची टेकडी अशी मिसळून गेली असती की हाताला सुद्धा लागली नसती. टेकडी गेली तर सुफियाचं काय? हा प्रश्न मी मनात नीट शब्दांत विचारला आणि मग कोणालाच सांगितला नाही.

एकदा तिलाच आडून विचारलं, "समजा कोणी तुला विसरलं तर?"

ती टाकीत डोकावून ब्रश मारत होती. आतून घुमत आवाज आला. "गावाचं दूध ह्यात पडलं की कुणाच्या म्हशीचं ते राहतं का, वैनी? पण दूध तर राहतंयच की."

मला ते उत्तर आवडलं नाही. चहात तिने साखर नेहमीपेक्षा जास्त घातली होती, ती मात्र आवडली.

ते दिवस छान गेले. सकाळी धुकं, मग ऊन, उंबऱ्यावर चहा, स्क्रीनवर रोजची टेकडी. मिनिटामिनिटाचे आकडे साठत होते आणि मी ते साठू देत होते. सुफिया पुन्हा गुणगुणायला लागली, एक नवंच गाणं.

*

मग एका सकाळी कॉम्प्युटर बंद पडला. बंद म्हणजे स्क्रीन चालू, पण वजन घेईना, फॅट दाखवेना, पावती निघेना. सुफियाने मला बोलावून घेतलं. मी पोचले तोवर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बायका किटल्या घेऊन, गडी मोटरसायकलींना कॅन लावून. कालपासूनचं दूध टाकीत, टँकर दारात हॉर्न वाजवतोय, आणि आबा आत-बाहेर करतायत.

कारण मला बघताक्षणीच कळलं. जागा संपली होती. माझ्या आकड्यांनी सगळी डिस्क भरली होती.

"काय झालंय, सूनबाई?"

"जागा करावी लागेल, आबा. कॉपी काढून घेते. अर्धा-पाऊण तास."

"आवो, उन्हं चढली! ही किटल्यांतली दुधं नासायची!"

रांगेतून कोणीतरी ओरडलं. टँकरवाल्याने पुढच्या गावाला जातो म्हणून गाडी सुरू केली.

स्क्रीनवर प्रश्न आला होता. आजपर्यंतचं सगळं दिवसांच्या सरासरीत बदलायचं का?

माझ्याच्याने बटण दाबवेना. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ एकही नव्हतं. काय सांगणार होते? की ही पोरगी एका रेघेच्या उंचवट्यावर उभी आहे?

सुफिया माझ्या खांद्यावरून बघत होती. तिच्या ओल्या हातांना साबणाचा वास येत होता.

"करा की, वैनी."

"नको."

"का?"

"तुझी टेकडी जाईल, सुफिया."

ती हसली. "उद्या परत उगवंल की. रोज धुतीया मी."

आणि माझ्या हाताखालून हात घालून तिनेच बटण दाबलं.

पंखा घरघरला. काट्यावर आकडे आले. पहिली पावती सरकत बाहेर आली आणि रांगेत सगळ्यांना हायसं वाटलं.

मी मागे वळले.

*

थंडी आता ओसरली आहे. ऊस तुटून गेला, त्यामुळे टेबलावरून नदी थेट दिसते. सत्यजीतला पहिली पाळी मिळाली आहे, संध्याकाळी घरी असतो. केंद्र उत्तम चाललं आहे. ऑफिसचं काम सांभाळून सकाळचं दूध मीच घेते, टाकीही मीच धुते. पहिल्यापासून मीच करत आले आहे आणि मला ते आवडतं. आबा लोकांना कौतुकाने सांगतात, "आमची सूनबाई पुण्याची, पण हातात ब्रश घिऊन टाकीत उतरती." माझी प्रणालीही झकास चालते. दिवसाला एक आकडा. रेघ इतकी सपाट की बघत राहावं.

टाकी धुताना मी कसलंसं गाणं गुणगुणते. शब्द येत नाहीत, चाल तेवढी येते. परवा वाफेने मनगट भाजलं, उजवं. डाग राहील असं दिसतं. धुणं झालं की चहा करते आणि उंबऱ्यावर बसते. आधण नेहमीच जास्त पडतं. दुसरा कप भरून शेजारी ठेवते आणि गार झाला की ओतून देते. माप चुकतं, दुसरं काय.

शेखलालमामा रोज चहाच्या वेळेला येतात. त्यांचं दूध सकाळीच घालून झालेलं असतं, केंद्रावर काही काम नसतं, तरी एम-एटी चालू ठेवून दारात थांबतात. एकदा मी विचारलं, "मामा, कोणाची वाट बघताय?"

त्यांनी बराच विचार केला. "काय म्हाईत न्हाई बघा, सूनबाई. शेतावरनं निघालो की गाडी हिकडंच वळती."

"या, चहा घ्या. एक कप जास्तच झालाय."

"नको. त्यो असू द्या."

भला माणूस आहे. मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच असतात. जरा वेळ नदीकडे बघतात, मग सीटवर पुढे सरकून बसतात, मागे एका माणसापुरती जागा सोडून. मान न वळवता विचारतात, "बसली का?"

थोडं थांबतात. मग मान डोलावतात आणि निघतात.